एमटीबी रोजच्या रस्त्यावर आणताना

घरी एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांसाठीची माउंटन बाइक आहे, रविवारी कधीतरी खडकवासल्यापर्यंत चक्कर होते आणि आता तिच्यावरूनच रोज ऑफिसला जायचं मनात आहे, तर रस्त्यासाठीची नवी हायब्रिड सायकल घेण्याची घाई करू नका. अर्धवट बुजवलेले चर, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि दर गल्लीतले गतिरोधक असलेल्या पुण्याच्या रस्त्यांना जाड टायरची, दणकट रिमची सायकलच मानवते. तिच्यात थोडे बदल मात्र हवेत. पैसे सगळ्यात आधी टायरवर घाला, मग लाइट आणि मडगार्डवर, मग कॅरिअरवर. शॉकअपवर एक रुपयाही नको.

एमटीबीच्या टायरवरच्या उंच गाठी मातीत रुतून पकड देण्यासाठी असतात. डांबरात त्या रुतत नाहीत, नुसत्या दबतात आणि वाकतात. तुमची ताकद त्यातच जिरते, वर रस्ताभर घोंघों आवाज. त्याच रिमवर दीड ते पावणेदोन इंच रुंदीचे गुळगुळीत टायर चढवा, पहिल्याच चढाला फरक कळेल. पावसात ते घसरतील अशी भीती बहुतेकांना वाटते. मोटारीचा टायर रुंद आणि वेग जास्त, म्हणून पाणी बाजूला सारायला त्याला खाचा लागतात. सायकलचा टायर अरुंद, गोलसर आणि वेग कमी, त्यामुळे तो पाणी कापत रस्त्याला टेकतोच. ओल्या डांबरावर जितकं जास्त रबर टेकेल तितकं चांगलं.

टायर घ्यायला जाताना जुन्या टायरच्या बाजूवर छापलेला आकडा लिहून न्या. नुसतं ‘सव्वीसचा द्या’ म्हणून भागत नाही. २६ इंची एमटीबीच्या टायरवर बारीक अक्षरात ५५९ असतं, साडेसत्तावीसच्या टायरवर ५८४ आणि एकोणतीसच्या टायरवर ६२२. हा रिमवरचा, टायर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. साध्या सायकलींचा २६ × १ ३/८ हा टायरही दुकानात सव्वीसचाच म्हणून मिळतो, पण तो ५९० च्या रिमचा, तुमच्या रिमवर सैल पडेल. रुंदी अपूर्णांकात लिहिलेली दिसली की तो टायर परत ठेवा, दशांशात लिहिलेला मागा. ट्यूबही त्या रुंदीची घ्या. जाड टायरची जुनी ट्यूब बारीक टायरमध्ये कोंबली की तिला घडी पडते आणि तिथेच ती फुटते.

हवेचं गणित वजनावर असतं. सत्तर किलोच्या माणसाने पुढे ४५ आणि मागे ५० पीएसआयपासून सुरुवात करावी, टायरवर छापलेली कमाल मर्यादा न ओलांडता. बहुतेक एमटीबींचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखाच असल्याने पेट्रोल पंपावर हवा भरता येते, पण सायकलच्या ट्यूबमध्ये जागा थोडी, क्षणात जास्त भरली जाते. थोडी थोडी भरून काटा बघत राहा. त्यापेक्षा काटा असलेला उभा पंप घरी असू द्या आणि दर आठवड्याला हवा तपासा.

आता बसणं. डोंगरात सीट खाली ठेवायची सवय असते. रोजच्या रस्त्यावर ती सवय गुडघे दुखवते. सीटवर बसून पॅडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. सीटच्या दांड्यावरची कमीत कमी आत राहण्याची खूण मात्र दिसता कामा नये. हँडल रुंद असेल तर सिग्नलला दुचाकींच्या मधल्या फटीत अडकतं. दोन्ही टोकांकडून दोन-दोन सेंटिमीटर कापून मिळतं, फक्त ब्रेक, गिअर आणि ग्रिप आत सरकवून पुरेशी जागा उरते का ते कापण्याआधी बघा.

शॉकअपला लॉकआउट, म्हणजे त्याचं दबणं बंद करणारा खटका असेल तर चढावर तो लावा. कोथरूडहून चांदणी चौकाकडे उभं राहून पॅडल मारताना दर पावलाला पुढचा भाग खाली बसत असेल, तर तेवढे कष्ट फुकट जातात. खराब रस्ता आला की उघडा. गिअरमध्ये पुढची सगळ्यात लहान चकती सपाट रस्त्यावर विसरून जा, मधल्या चकतीवर शहरातला बहुतेक प्रवास होतो. सिग्नल जवळ आला की थांबण्याआधीच हलका गिअर घ्या, कारण पॅडल फिरत असतानाच गिअर पडतो.

मागे लाल आणि पुढे पांढरा लाइट दिवसाही हवा, पावसाळ्यात तर हवाच. मागचा लाइट सीटच्या दांड्यावर लावला असेल तर कॅरिअरवरची बॅग त्याला झाकत नाही ना, हे दहा पावलं मागे जाऊन कुणाला तरी बघायला सांगा. हेल्मेट आणि घंटी यांवर चर्चा नको, दोन्ही हवीत. मडगार्ड लांब घ्या. सीटखाली चिकटणारी छोटी पट्टी पाठ वाचवते, पण चेन आणि बूट चिखलात जातात.

लॅपटॉप पाठीवर नको. पंधरा किलोमीटरनंतर शर्ट पाठीला चिकटतो आणि खांदे भरून येतात. कॅरिअर बसवताना मागचा डिस्क ब्रेक आडवा येतो का बघा. कॅलिपर, म्हणजे डिस्कला पॅड दाबणारा भाग, बाहेरच्या बाजूला असेल तर डिस्कसाठीचंच कॅरिअर लागतं. ऑफिसचे कपडे शक्य तर सोमवारीच नेऊन ठेवा, सोबत टॉवेल आणि साबण. दहा मिनिटं आधी पोहोचायचं, घाम वाळू द्यायचा आणि मगच कपडे बदलायचे.

अनेक एमटीबींची चाकं आणि सीट खटक्याने निघतात. डोंगरात पंक्चर काढायला ही सोय, पार्किंगमध्ये चोरालाही तीच. सीटचा खटका काढून साधा बोल्ट बसवा. यू-लॉक फ्रेम, मागचं चाक आणि पक्का खांब असं तिन्ही पकडून लावा, पुढच्या चाकाला वेगळी केबल. संध्याकाळी निघताना दोन्ही चाकांचे खटके घट्ट आहेत का हे हाताने तपासूनच बसा, दिवसभरात कुणी हात लावला असेल ते तुम्हाला कळणार नाही.

पहिल्या पावसात पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि गुळगुळीत पेव्हर ब्लॉक अतिशय घसरतात. त्यांच्यावर ना ब्रेक, ना वळण. भिजल्या दिवशी घरी आल्यावर चेन कापडाने पुसा आणि दर कडीवर ऑइलचा एकच थेंब. स्प्रे मारू नका. तो डिस्कवर उडाला तर पॅड वाया जातात आणि ब्रेक ओरडू लागतात. सर्व्हिसिंगला देतानाही हे बजावून सांगा.

जायच्या रस्त्यावरून एका रविवारी जाऊन या, पण वर्दळ ऑफिसच्या वेळेची असेल असं धरून. जवळच्या रस्त्यापेक्षा कमी गाड्यांचा रस्ता दोन किलोमीटर लांब पडला तरी तोच निवडा. चर आणि खड्डे कुठे आहेत ते उजेडात पाहून ठेवा, रात्री परतताना उपयोगी पडतं. सोबत एक ट्यूब, टायर रिममधून काढायच्या दोन पट्ट्या (टायर लिव्हर), हातपंप आणि ४, ५, ६ मिलिमीटरच्या ॲलन की असू द्या, आणि ट्यूब बदलायचा सराव घरी एकदा करून घ्या.

चेन झिजून लांबली आहे का ते महिन्यातून एकदा मोजा. इंचाची पट्टी एका पिनेच्या मध्यावर धरा, ती पिन सोडून पुढे मोजलं तर नव्या चेनची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे गेली की चेन बदला. पूर्ण सूत गेली असेल तर मागचा फ्रीव्हील, म्हणजे दातेरी चकत्यांचा संचही झिजलेला असतो आणि खर्च वाढतो.