ताण घालवताना होणाऱ्या या चुका टाळा

मार्चएंडचे दिवस होते. ऑफिसात ऑडिट, घरी लेकीची वार्षिक परीक्षा. डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्या फास्टमध्ये दिवा स्टेशन मागे पडलं आणि छातीत धडधडायला लागलं. 'दीर्घ श्वास घे' हा सल्ला शंभरदा ऐकलेला. उभ्याउभ्याच छाती भरून श्वास घेतला, लगेच दुसरा, लगेच तिसरा. कळवा येईपर्यंत बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, डोकं हलकं पडलं. समोरच्या काकूंनी उठून मला बसवलं आणि पाण्याची बाटली हातात दिली.

सोसायटीत योगवर्ग घेणाऱ्या ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "अगं, श्वास सोडलास कधी?"

चूक तिथेच होती. भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मुंग्या येतात, गरगरतं आणि त्याला घाबरून आपण आणखी जोरात श्वास घेतो. आराम मिळतो तो मुख्यतः संथपणे सोडलेल्या श्वासाने. आत्ता मनगटाची नाडी धरून बघा. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना संथ. सोडणं जितकं लांबेल तितका हृदयाला विसावा. प्राणायामात पूरकाच्या, म्हणजे श्वास घेण्याच्या, दुप्पट वेळ रेचक, म्हणजे श्वास सोडणं, सांगतात, त्यामागे जुना अनुभव आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं, तेच मुळी अशा क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासण्यासाठी.

सुरुवातीला दुप्पट जमत नसेल तर चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या आणि सहा अंक मोजत सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पोट हललं पाहिजे, खांदे नाही. पाच मिनिटं पुरेत. मात्र ताण शिगेला पोचल्यावर पहिल्यांदा करायला जाऊ नका, तेव्हा ते जमतच नाही. रोज गाडीत जागा मिळाल्यावर किंवा अंथरुणावर पडल्यापडल्या सवय करून ठेवा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. छातीत दाबल्यासारखं होतंय, कळ हातात किंवा जबड्यात जातेय, घाम फुटलाय, तर श्वास मोजत बसू नका. 'टेन्शनने होतंय', 'गॅस झाला असेल' म्हणत घरी थांबू नका, विशेषतः बायकांनी. तडक दवाखाना गाठा.

पाचचा चहा ही दुसरी चूक, आणि ती आपल्याला चूक वाटतच नाही. कॅफिन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात. म्हणजे पाचला घेतलेल्या कडक चहातलं निम्मं कॅफिन रात्री दहाला अंगात असतं. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, शेवटचा कप तीनच्या आत घ्या. झोपेसाठी म्हणून 'थोडीशी' घेणाऱ्यांचंही तसंच. दारूने डोळा लवकर लागतो, पण पहाटेपहाटे झोप मोडते.

आता रात्रीचा मोबाइल. सगळे झोपल्यावर ओटा पुसून आडवं व्हायचं आणि साडेबारापर्यंत रील्स बघायचे. याला मी आळस किंवा व्यसन म्हणत नाही. दिवसभरात स्वतःचा म्हणावा असा तेवढाच वेळ हातात असतो, म्हणून तो सोडवत नाही. ही भूक खरी आहे, पण तिची किंमत झोपेतून जाते. नुसता मोबाइल लांब ठेवून हे सुटत नाही. तो वेळ संध्याकाळीच मागून घ्यावा लागतो. मी नवऱ्याला सांगितलं, "साडेसात ते आठ मी घरात नाही असं समज." तो म्हणाला, "आणि कुकर?" म्हटलं, "तू लाव." पहिला आठवडा वरण पातळ झालं, भात लागला. मी स्वयंपाकघरात गेले नाही, गच्चीवर फेऱ्या मारत राहिले. आता कुकर त्याचाच आहे आणि मी अकराला झोपते.

रविवारी दहापर्यंत लोळून आठवड्याची झोप भरून काढायला जाऊ नका. त्या रात्री डोळा लागत नाही आणि सोमवार सुरू होण्याआधीच बिघडतो. रोजच्यापेक्षा तासभर उशिरा उठलात तर चालेल.

डोक्यातली यादी कागदावर काढतानाही एक चूक होते. 'बाबांच्या गुडघ्याचं बघायचं' असं मी आठ महिने डायरीत लिहीत होते आणि दर वेळी ते वाचून पोटात गोळा येत होता. कारण ते काम नव्हतं, ती काळजी होती. मग लिहिलं, 'सोमवारी ११ वाजता दवाखान्यात फोन, नंबर लावणे.' सोमवारी अकरा दहाला ते खोडलं. यादीतल्या ज्या ओळीपुढे काय करायचं हे कळत नाही, ती पुन्हा लिहा. ओळीत क्रियापद आणि वेळ आली पाहिजे.

आणि घरातलं कुणी ताणात असेल तर 'फार विचार करू नकोस' म्हणू नका. त्या माणसाला एवढंच कळतं की यापुढे हे बोलायचं नाही. त्याऐवजी 'आज सगळ्यात जड काय गेलं?' असं विचारा आणि उत्तर संपेपर्यंत उपाय सुचवू नका.

दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं असेल, तर घरगुती उपायांवर आणखी दिवस काढू नका. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. काय सांगायचं ते आधी ठरवायची गरज नाही, 'झोप लागत नाही' एवढ्यावरून सुरुवात केली तरी चालतं.