रिव्हेंडेल पायी पाहायचं तर

रिव्हेंडेल म्हणजे 'द हॉबिट' आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबऱ्यांतली एल्फ लोकांची दरी. त्यांचे लेखक जे. आर. आर. टॉल्किन 1911 च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये पायी भटकले, तेव्हा ते 19 वर्षांचे होते. सोबत भाऊ हिलरी, जेन मावशी आणि इतर मिळून डझनभर माणसं. पाठीवर जड ओझी आणि रात्रीचा मुक्काम बऱ्याचदा गवताच्या माळ्यावर नाहीतर गोठ्यात. 'द हॉबिट'मध्ये कथेचा नायक बिल्बो रिव्हेंडेलहून निघून धुक्याचे डोंगर ओलांडतो, तो प्रवास याच भटकंतीवर बेतलेला आहे, असं त्यांनी पुढे मुलाला लिहिलेल्या पत्रात सांगितलं. म्हणूनच 'रिव्हेंडेल नेमकं कुठे' म्हणून एखादी जागा शोधत बसू नका. दरीतून वर चढा, खिंड ओलांडा, पलीकडे उतरा. तीन दिवस पुरतात.

दरी म्हणजे लाउटरब्रुनेन. टॉल्किन यांनी स्वतः रंगवलेलं रिव्हेंडेल डोळ्यांसमोर आणा: दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, मधून धावणारी नदी. इथे तेच दिसतं. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना कडे नवे नाहीत, पण हा कातळ बेसाल्ट नसून चुनखडीचा आहे. हिमनदीनं दरी खरवडून खोल केली, बाजूच्या छोट्या दऱ्या वरच लटकत राहिल्या आणि त्यांचं पाणी आता थेट कड्यावरून कोसळतं.

जुलै ते सप्टेंबरचा मध्य हा योग्य काळ. जूनमध्ये वरच्या वाटांवर बर्फ असू शकतो, तेव्हा निघण्याआधी वेबकॅम पाहा. इंटरलाकेन ओस्ट स्टेशनहून लाउटरब्रुनेनला ट्रेनने 20 मिनिटं लागतात, पण त्सवाइल्युचिनेनला गाडीचे दोन भाग होतात आणि एक भाग ग्रिंडेलवाल्डला जातो. डब्यावरची पाटी वाचूनच बसा, इथे चुकणारे पुष्कळ. स्विस ट्रॅव्हल पास म्युरेन, वेंगेन आणि ग्रिंडेलवाल्डपर्यंत चालतो, त्यापुढे फक्त सवलत मिळते.

पहिल्या दिवशी सकाळी श्टाउबबाख धबधबा गाठा. तो 297 मीटरचा आहे आणि दरीच्या पश्चिमेच्या कड्यावर असल्यामुळे त्याच्यावर ऊन सकाळीच पडतं. दुपारनंतर कडा सावलीत जातो आणि तुषार करडे दिसतात. तिथून सपाट वाटेनं पाऊण तासावर ट्रुमेलबाखचे धबधबे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ या शिखरांवरच्या हिमनद्यांचं पाणी इथे डोंगराच्या पोटातून दहा टप्प्यांत उतरतं, जोर असेल तेव्हा सेकंदाला 20,000 लिटरपर्यंत. आतल्या पायऱ्या ओल्या आणि हवा गार असते, म्हणून भर उन्हाळ्यातही जॅकेट आणि चांगल्या पकडीचे बूट हवेत. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत. परतताना बस घ्या.

दुपारी केबल कारनं ग्र्युचआल्पला चढा आणि विंटरएगमार्गे म्युरेनपर्यंत चाला. अंतर साडेचार किलोमीटर, वेळ सव्वा तास. ही वाट उलट चालू नका, कारण म्युरेनकडे जाताना शिखरं समोर राहतात आणि परतीच्या दिशेनं ती पाठीमागे पडतात. मुक्काम म्युरेनलाच करा. समोरच्या भिंतीवर ऊन दुपारनंतर येतं. युंगफ्राऊच्या अंगाला बिलगलेलं टोकदार पांढरं शिखर म्हणजे झिल्बरहॉर्न, 3695 मीटर. ते मागे सोडताना जिवाला लागलं, ते माझ्या स्वप्नातलं सिल्व्हरटाइन, अशा अर्थाचं टॉल्किन यांनी लिहून ठेवलंय. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये मोरिया या डोंगराखालच्या नगरीच्या माथ्यावर जादूगार गॅन्डाल्फ आणि आगीचा राक्षस बॅलरॉग यांची झुंज जिथे संपते, तेच हे शिखर. सकाळी सूर्य त्याच्या मागे असतो, तेव्हा कॅमेरा काढायची घाई करू नका.

दुसरा दिवस दरीच्या वरच्या टोकाला. श्टेखेलबेर्गहून ओबरश्टाइनबेर्ग, उंची 1778 मीटर. चढ साडेआठशे मीटरचा आणि वेळ तीन तास. पुढे तासाभरावर ओबरहॉर्नझे हे तळं. टॉल्किन यांची टोळी हिमनदीनं ढकलून आणलेल्या दगडगोट्यांच्या ज्या रानात पोचली होती, ते याच टोकाला. महाराष्ट्रातून येणाऱ्या बहुतेक सहली युंगफ्राऊयोख या बर्फातल्या उंच खिंडीपर्यंत ट्रेननं जाऊन परततात, हा भाग त्यांच्या वाट्याला येतच नाही. खरं तर तिन्हींतला सगळ्यात मोलाचा दिवस हाच. पहाटे निघा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वीज-पाऊस येतो आणि उघड्या माळावर आडोसा नसतो.

वाटेवरच्या खुणा नीट वाचा. नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, तिथे बूट आणि पायांचा तोल दोन्ही पक्के हवेत. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर अनुभवाशिवाय पुढे जाऊ नका. पाटीवरच्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, स्वतःसाठी तिसरा हिस्सा जास्त धरा. वासरांसह चरणाऱ्या गायींना लांबून वळसा घाला आणि उघडलेलं फाटक मागे लावून घ्या. गावातल्या दगडी कुंडांचं पाणी पिता येतं, 'काइन ट्रिंकवासर' (पिण्याचं पाणी नाही) लिहिलेलं असेल तर मात्र नाही.

तिसऱ्या दिवशी ट्रेननं वेंगेन गाठा, तिथून पायी वेंगेर्नआल्प आणि मग 2061 मीटरवरची क्लायने शायडेग खिंड. सुमारे आठशे मीटर चढ, तीन तास. वेंगेर्नआल्पला युंगफ्राऊ इतकी जवळ येते की बर्फ सुटल्याचा गडगडाट इकडच्या उतारावर ऐकू येतो. खिंड ओलांडली की आयगर उजव्या हाताला राहतो, टॉल्किन यांच्याही उजव्या हाताला तोच होता. आल्पिग्लेनमार्गे ग्रिंडेलवाल्डचा उतार हजार मीटरचा आहे आणि गुडघे इथेच दुखावतात. काठ्या नसतील तर आल्पिग्लेनला ट्रेन पकडा.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर त्यांच्यासारखंच ग्रोस शायडेग ओलांडून मायरिंगेनला उतरा. या घाटात खासगी गाड्यांना बंदी आहे, पण बस चालते, त्यामुळे दमलात तर मधल्या थांब्यावर चढता येतं. आलेच हिमनदी मात्र वाटाड्याशिवाय नको. तिथे उन्हानं बर्फ वितळून सुटलेला एक धोंडा टॉल्किन यांच्यापासून फूटभर अंतरावरून गेला होता. दुपार चढली की दगड सुटतात, म्हणून ज्या उतारावर वरून दगड येऊ शकतात तो सकाळीच पार करा आणि तिथे जेवायला बसू नका.