साखरपुड्याच्या अंगठीचे प्रॉंग: घरी कसे तपासावेत, कारागिराकडे कधी न्यावेत

माझ्या धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याच्या अंगठीतला हिरा वाचला तो पैठणीच्या पदरामुळे. गिरगावात एका हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात तिच्या अंगठीला पदराची जर तीन वेळा अडकली आणि तिला वाटले की जरच सुटली असावी. घरी आल्यावर दिव्याखाली अंगठी आडवी धरून पाहिली, तेव्हा हिरा धरून ठेवणाऱ्या चार पकडींपैकी एकीचे टोक हिऱ्यापासून इतके उचललेले दिसले की त्याखालून शिवणाचा दोरा सहज गेला. प्रॉंग सैल झाल्याची चाहूल बहुधा अशीच, आधी कापडाला लागते.

कोंदणातून वर येऊन हिऱ्याच्या कडेवर वळणाऱ्या धातूच्या या बारीक पकडींना सराफ बाजारात सर्रास प्रॉंग म्हणतात. हिरा कितीही कठीण असला, तरी त्याला धरणारे सोने मऊ असते. १८ कॅरेटच्या अंगठीत पंचाहत्तर टक्के सोने असते आणि उरलेल्या मिश्रधातूमुळे तिला बळकटी येते, परंतु रोजच्या घासण्याने प्रॉंगची टोके झिजतातच. लोकलमधला स्टीलचा दांडा, डब्याचे झाकण, पर्सची चेन, शेजारच्या बोटातली दुसरी अंगठी, या सगळ्यांचा मारा दगडाच्या आधी प्रॉंगवर येतो. प्रॉंग चार असतील आणि एक निकामी झाला, तर हिरा निसटण्याचा धोका लगेच वाढतो. सहा असतील तर उरलेले पाच काही काळ तरी तो धरून ठेवतात. १८८६ साली न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीने रूढ केलेली सहा प्रॉंगची बांधणी आजही टिकून आहे, त्यामागे सौंदर्याइतकाच हा आधारही आहे, असे मला वाटते.

तपासणीपूर्वी अंगठी स्वच्छ करावी, आणि हा क्रम बदलू नये. हिऱ्याला तेलकट पदार्थ फार लवकर चिकटतात, त्यामुळे कणीक, क्रीम आणि साबणाचा थर खालच्या बाजूला साचतो. हा थर कधी कधी सैल झालेल्या हिऱ्यालाही घट्ट धरून ठेवतो आणि आपल्याला सारे ठीक असल्याचा भास होतो. वाटीत कोमट पाणी घेऊन त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकावेत, अंगठी वीस मिनिटे भिजू द्यावी आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशने खालून, म्हणजे हिऱ्याच्या पाठीकडून हलकेच घासावी. हे काम बेसिनवर कधीही करू नये. करायचेच झाले तर जाळीवर चहाची गाळणी ठेवावी. हिरा आधीच हलत असल्याची शंका असेल, तर अल्ट्रासॉनिक यंत्रात अंगठी घालू नये, कारण त्याच्या कंपनांनी तो पुरता सुटू शकतो.

अंगठी कोरडी झाल्यावर चांगल्या उजेडात ती डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून फिरवावी. सगळी टोके सारख्या उंचीची, गोलसर आणि हिऱ्याला टेकलेली दिसली पाहिजेत. एखादे टोक चपटे, कागदासारखे पातळ किंवा एका बाजूला झुकलेले असेल, तर ते झिजले आहे असे समजावे. दहा पट मोठे दाखवणारे भिंग मिळाल्यास उत्तम. त्यानंतर निरांजनाच्या वातीसाठी आणलेला कापूस प्रत्येक टोकावरून हलकेच फिरवावा. तंतू अडकून राहिले, तर तिथे टोक उचललेले किंवा खरबरीत झालेले असते. मग लाकडी टूथपिकने हिऱ्याच्या कडेला, ज्याला कारागीर गर्डल म्हणतात तिथे, अगदी हलका दाब देऊन तो हलतो का ते पाहावे. शेवटी अंगठी कानाजवळ नेऊन तिच्या कड्यावर बोटाने टिचकी मारावी. सैल हिरा बारीक टिकटिक करतो, पण मुंबईत हा आवाज ऐकण्यासाठी पंखा बंद करून पहाटेची वेळ निवडावी लागते. ही तपासणी महिन्यातून एकदा केली, तर दहा मिनिटेही लागत नाहीत.

उचललेला प्रॉंग घरच्या पक्कडीने दाबून बसवण्याचा मोह टाळावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. सोने पुन्हा पुन्हा वाकवले की ते ताठर होऊन तडकते, आणि दाब चुकीच्या जागी पडला तर हिऱ्याची कड कपच्या उडून फुटू शकते. हिऱ्यावर ओरखडा सहजासहजी पडत नाही, पण ठोक्याने तो फुटतो. तपासणीत काहीही संशयास्पद आढळले, तर अंगठी बोटात न घालता छोट्या डबीत बंद करून कारागिराकडे न्यावी. काही आढळले नाही तरी वर्षातून दोनदा त्याला दाखवावी.

सैल टोक केवळ घट्ट करणे हे लहान काम आहे. टोके झिजली असतील तर त्यांवर धातू चढवून नवीन टोक घडवावे लागते, ज्याला रिटिपिंग म्हणतात. सगळेच प्रॉंग खचले असतील, तर नवे हेड, म्हणजे प्रॉंगसह हिरा धरणारा वरचा सगळा भाग, बसवणे अधिक शहाणपणाचे. काम ज्योतीने होणार की लेझरने, हे आधी विचारावे. जास्त उष्णतेने हिऱ्याचा पृष्ठभाग धुरकट होऊ शकतो, म्हणून कारागीर त्यावर बोरिक ॲसिडचा थर देतात, आणि शेजारी पाचूसारखे खडे असतील तर ते आधी काढावेच लागतात. झवेरी बाजारात असो वा दादरला, अंगठी देताना पावतीवर वजन, हिऱ्याचा आकार आणि प्रमाणपत्राचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि देण्यापूर्वी व परत घेताना भिंगातून हिरा पाहावा. गर्डलवर लेझरने कोरलेला क्रमांक असेल, तर तो दोन्ही वेळा जुळवून पाहावा. पांढऱ्या सोन्यावर रोडियमचा मुलामा असेल, तर दुरुस्तीनंतर तो पुन्हा चढवावा लागेल, हेही आधीच ठरवून घ्यावे.

पोहताना आणि ब्लीच वापरताना अंगठी काढावी, कारण क्लोरीन सोन्यातल्या मिश्रधातूंवर हल्ला करते आणि बारीक प्रॉंग ठिसूळ होतात. अंगठी काढतानाही हिऱ्याला धरून न ओढता कड्याला धरून काढावी.

आणि कधी कोंदण रिकामे आढळले, तर आधी त्या खोलीत झाडू फिरवू देऊ नये. दिवा बंद करून टॉर्च जमिनीला टेकवून आडवी धरावी आणि हळूहळू फिरवावी; फरशीच्या सांध्यात किंवा सोफ्याच्या शिवणीत अडकलेला हिरा आडव्या उजेडात चमकून दिसतो.