सफरचंदाच्या कुकीज मऊ राहाव्यात म्हणून काय केलं
सफरचंदाच्या कुकीज ओव्हनमध्ये पसरायच्या आणि दुसऱ्या दिवशी वरून चिकट व्हायच्या, सगळा घोळ फळाच्या पाण्याचा. आता मी किसत नाही, मटारच्या दाण्याएवढे तुकडे करते आणि थोड्या बटरवर पाणी आटेपर्यंत परतून, पूर्ण गार करूनच पिठात घालते. ब्राऊन शुगर मात्र सोडू नका, मऊपणा तिच्यामुळेच टिकतो. पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये, मग १८० डिग्रीला ११-१२ मिनिटं, कडा सेट झाल्या आणि मधे बोट लावल्यावर हलका खळगा पडला की लगेच बाहेर, बाकीचं भाजणं गरम ट्रेवर आपोआप होतं. फ्रॉस्टिंग (वरून लावायचं बटर-साखरेचं क्रीम) कुकी अजिबात कोमट लागत नसेल तेव्हाच लावा, नाहीतर बटर वितळून सगळं ओघळतं. आणि फ्रॉस्टिंगमध्ये चिमूटभर दालचिनी घाला, फार छान लागते!