बास्केटबॉल प्लेअरचं करिअर स्टॅट्सवरून कसं वाचायचं (कॉलेज ते डब्ल्यूएनबीए)

कुठल्याही प्लेअरचे स्टॅट्स उघडले की नजर पहिली जाते ती पॉइंट्स पर गेमवर आणि तिथेच गडबड होते. कॉलेजचा आकडा आणि डब्ल्यूएनबीएचा (अमेरिकेतली महिलांची प्रो म्हणजे व्यावसायिक लीग) आकडा शेजारीशेजारी ठेवून "ही तर फ्लॉप गेली" म्हणून मोकळे होणारे ढिगाने आहेत. तसं नका करू, आधी मिनिटांचा कॉलम बघा.

अमेरिकन प्लेअर केल्सी प्लमचंच घ्या ना. वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीकडून शेवटच्या वर्षी, २०१६-१७ मध्ये, मॅचला ३१.७ पॉइंट्स, कॉलेजचे एकूण ३५२७, म्हणजे तेव्हाचा एनसीएए (अमेरिकेतली कॉलेज खेळांची संस्था) रेकॉर्ड, आणि २०१७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रो टीम नवीन प्लेअर निवडतात त्यात, पहिला नंबर. आणि पहिल्या प्रो सीझनला किती? ८.५. पुढची दोन वर्षं पण दहाच्या खालीच. २०२० ची लाइनच गायब, कारण अकिलिस (टाचेमागचा स्नायुबंध) फाटला होता. एवढंच बघून कोणीही म्हणेल संपलं सगळं, पण खाली सरका: २०२१ ला बेंचवरून येऊन १४.८ आणि सिक्स्थ प्लेअर ऑफ द इयर (बेंचवरून येणाऱ्यांमधल्या बेस्ट प्लेअरचं बक्षीस), २०२२ ला २०.२ आणि लास व्हेगासच्या टीमबरोबर टायटल. म्हणून पहिल्या दोन-तीन सीझनवर निकाल लावायचा नाही.

असं होतं का तर जागाच कमी, म्हणून नव्या मुलींना मिनिटंही कमी. २०२४ मध्ये १२ टीम, एका टीममध्ये जास्तीत जास्त १२ जणी, म्हणजे अख्ख्या लीगमध्ये १४४ खुर्च्या, आणि ड्राफ्टमध्ये तेव्हा दरवर्षी ३६ च्या आसपास नवीन नावं यायची. त्यातल्या बऱ्याच जणी ट्रेनिंग कॅम्पमध्येच कट होतात, त्यामुळे ड्राफ्ट झाली म्हणजे खेळली असं धरू नका. शिवाय कॉलेजचा सीझन एप्रिलमध्ये संपतो, त्याच महिन्यात ड्राफ्ट आणि मे मध्ये पहिली मॅच, श्वास घ्यायला पण वेळ नाही.

आता हिशोब. कॉलेज असो की प्रो, मॅच ४० मिनिटांचीच, त्यामुळे तुलना सोपी आहे: पॉइंट्सना मिनिटांनी भागा आणि ४० ने गुणा. १६ मिनिटांत १० पॉइंट्स म्हणजे ४० मिनिटांना २५. अर्थात पाच-सहा मॅचवर हे करू नका, काहीच्या काही आकडे येतात. आणि शॉट क्लॉक (बास्केटकडे बॉल टाकायला मिळणारा वेळ) लक्षात ठेवा, कॉलेजमध्ये ३० सेकंद आणि प्रोमध्ये २४, म्हणजे विचार करायला सहा सेकंद कमी, त्यामुळे रुकी (पहिल्या सीझनच्या) पॉइंट गार्डचे, म्हणजे खेळ रचणाऱ्या प्लेअरचे, टर्नओव्हर (बॉल समोरच्या टीमकडे जाणं) वाढलेले दिसले तर लगेच नाक मुरडू नका. थ्री पॉइंटचं (लांबच्या लाइनबाहेरून मारलेले तीन पॉइंट्सचे शॉट) पण बघा, कॉलेजची लाइन २०२१-२२ पासून मागे सरकली, त्याच्या आधीची टक्केवारी जवळच्या लाइनवरची आहे.

मधेच एखादं वर्ष कोरं दिसलं तर कारण शोधायचं, हे माझ्या मते सगळ्यात इंटरेस्टिंग काम. डब्ल्यूएनबीएच्या तीन स्टार प्लेअर बघा: ब्रिआना स्टुअर्टचं २०१९ दुखापतीमुळे गेलं, आणि ती दुखापत डब्ल्यूएनबीएमध्ये नाही तर युरोपच्या क्लबकडून खेळताना झालेली. डायना टॉरासीचं २०१५ तर अजून भारी, तिच्या रशियन क्लबनेच तिला तो सीझन आराम करायचे पैसे दिले, आणि ते डब्ल्यूएनबीएच्या पगारापेक्षा जास्त होते!! माया मूर २०१९ पासून थांबली कारण तिला चुकीच्या शिक्षेत अडकलेल्या जोनाथन आयरन्सला तुरुंगातून सोडवायचं होतं, तो २०२० ला सुटला. तीन कोऱ्या जागा, तीन वेगळ्या गोष्टी, आणि टेबलमध्ये तिन्ही सारख्याच दिसतात. म्हणून परदेशातल्या क्लबचं टेबल वेगळं उघडून बघा, त्याशिवाय निम्मं करिअर दिसतच नाही.

रेकॉर्डची यादी बघताना एक खोच आहे. एनसीएएची महिलांची टुर्नामेंट १९८२ ला सुरू झाली, त्याआधी एआयएडब्ल्यू नावाची वेगळी संस्था होती. कॅन्ससच्या लिनेट वुडार्डचे ३६४९ पॉइंट्स त्या काळातले, म्हणून एनसीएएच्या यादीत कित्येक वर्षं प्लम वर आणि वुडार्ड नावालाही नाही. २०२४ ला आयोवाच्या केटलिन क्लार्कने आधी प्लमला आणि मग वुडार्डला मागे टाकलं, ३९५१ वर थांबली, तेव्हा कुठे बऱ्याच लोकांना वुडार्डचं नाव कळलं. तेव्हा "ऑल टाइम" असं लिहिलेलं दिसलं की आधी बघा, यादी नक्की कुठल्या सालापासून सुरू होते.