हॅम रेडिओची घरघर: खड्डा खणायच्या आधी मेन पाडा

हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या वायरलेस सेटवर, ४० मीटर बँडला नुसती घरघर, सिग्नलचा जोर दाखवणारा काटा एस-७ च्या खाली यायलाच तयार नाही, म्हणून मागच्या मे महिन्यात मी अर्थिंगचा नवा खड्डा खणला. सोलापूरचं ऊन, वर तडे गेलेली काळी माती, खाली मुरूम, पहार मारली की ठिणगी. जीआय पाइप, कोळसा, मीठ सगळं घातलं आणि घरघर जशीच्या तशी.

तर आधी हे करा. रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावा आणि घराचा मेन पाडा, इन्व्हर्टरपण बंद करा, हेच सगळे विसरतात. काटा पडला तर चोर घरातच आहे, मग एकेक एमसीबी वर करत बघा. मी इतके दिवस शेजारच्या पावरलूमला शिव्या घालत होतो, पण माग सुट्टीला बंद असले तरी घरघर चालूच की ओ! निघालं काय, तर जिन्यातला स्वस्तातला एलईडी बल्ब आणि वायफायचा अडॅप्टर. बल्ब बदलला. अडॅप्टरची वायर ३१ नंबर मटेरियलच्या मोठ्या फेराइट रिंगमधून, म्हणजे वायरीतली घरघर अडवणाऱ्या चुंबकीय कड्यातून, १०-१२ वेढे घेऊन फिरवली. क्लिपवाला फेराइटचा मणी नुसता एकदा अडकवून एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ, ४० मीटर त्यातच येतो) फार काही होत नाही, कारण अडथळा साधारण वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. काटा एस-३ वर आला.

मेन पाडूनपण घरघर राहिली तर बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हला रिकाम्या जागी लावून गल्लीत फिरा, आवाज वाढेल तिकडं चोर.

म्हणजे अर्थिंग नको असं नाही बरं का, ते शॉक आणि विजेसाठी पाहिजेच. रेडिओ, पावर सप्लाय, ट्यूनर (अँटेना रेडिओशी जुळवणारा डबा) सगळ्यांच्या वायरी एका तांब्याच्या पट्टीवर आणा, तिथून एकच जाड वायर खाली. नवा खड्डा घराच्या जुन्या अर्थिंगला जोडलाच पाहिजे, दोन वेगळे ठेवले तर वीज पडल्यावर दोन्हीत व्होल्टेजचा फरक पडतो आणि तो तुमच्या सेटमधनं जातो. न्यूट्रलला हात लावू नका, मेन बोर्डाचं काम वायरमनकडनंच करून घ्या.

तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, १० मीटर लांब अर्थ वायर ४० मीटर बँडला पाव तरंगलांबी होते, आरएफला, म्हणजे रेडिओच्या लहरींना, ती अर्थ वाटतच नाही. बोलताना माईक ओठाला चटका देत असेल तर खड्ड्याच्या नादी न लागता अँटेनाच्या फीड पॉइंटला, म्हणजे केबल अँटेनाला जोडते तिथं, कोॲक्स केबलचे वेढे घालून चोक करा.

खड्डा मात्र उन्हाळाभर ओला ठेवा. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, म्हणून मी आरओचं वाया जाणारं पाणी ओततो, तेवढंच जरा खारट.