गार्ड बदलताना आधी नवीन पकडा, मग जुनं सोडा

ब्राझिलियन जिउ-जित्सूमध्ये गार्ड म्हणजे खाली राहून पायांनी समोरच्याला अडवणं. क्लोज्ड गार्ड (पाय त्याच्या कमरेभोवती आवळलेले) येतो, हाफ गार्ड (त्याचा एक पाय तुमच्या पायांत अडकलेला) येतो, दे ला रिवा (एक पाय त्याच्या पायाला बाहेरून गुंडाळलेला) पण शिकून झालाय, पण एकातून दुसऱ्यात जाताना समोरचा नेमका तिथेच पास करून (तुमचे पाय ओलांडून) जातो, ही तक्रार भरपूर जणांची असते. आणि दोष बहुतेकदा गार्डचा नसतोच, मधे जो अर्धा सेकंद तुमचं त्याच्यावर काहीच धरलेलं नसतं ना, तिथे सगळा घोळ होतो.

सगळ्यात कॉमन केस घेऊ. तुम्ही क्लोज्ड गार्डमध्ये आहात आणि तो उठायला लागला. पाय आवळून लटकत राहू नका, तो उघडणारच आहे, मग तुम्हीच आधी उघडा. पण त्याआधी एक हात त्याच्या गीच्या (सरावाच्या जाड जॅकेटच्या) स्लीव्हवर, दुसरा कॉलरवर पक्का हवा, म्हणजे पाय सुटले तरी तो खेचलेला राहतो. एक पाय लगेच कमरेवर. आता बघा त्याचा कुठला पाय पुढे आहे, त्या बाजूचा तुमचा पाय त्याच्या पायाला बाहेरून गुंडाळून पंजा मांडीच्या आतल्या बाजूला अडकवा, पंजा वाकवलेला ठेवा, ढिला पंजा म्हणजे हुक नाहीच. हुक बसला की मगच कॉलर सोडून किंवा स्लीव्ह सोडून (कुठला हात जवळ आहे त्यावर) त्याची टाच पकडायची. झाला दे ला रिवा.

मग तो काय करणार? गुडघा आत वळवून हुक काढणार, सगळेच करतात. तिथे हुक वाचवायला भांडू नका, उगाच तुमचाच गुडघा पिळला जातो. तो गुडघा वळवतोय तेवढ्यात कमरेवरचा दुसरा पाय त्याच्या दोन पायांमधून घालून त्याच पुढच्या पायात आतून अडकवा, टाच सोडायची नाही. रिव्हर्स दे ला रिवा मिळाला. म्हणजे गार्ड तुम्ही ठरवून नाही बदलला, त्याने हुक काढला म्हणून बदलला. माझ्या मते सगळी गंमत इथे आहे, तो काय करतो ते बघून बदला, कंटाळा आला म्हणून नाही. आयबीजेजेएफच्या (जिउ-जित्सूची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमात स्वीपला (खालून त्याला उलटवून वर येणं) 2 पॉइंट आणि समोरच्याने पास केलं तर त्याला 3, नुसता गार्ड बदलल्याचे शून्य.

तो गुडघ्यावर बसला तर सोपंय, नी शील्ड (गुडघा मधे आडवा) टाकून हाफ गार्ड नाहीतर उठून बसून बटरफ्लाय (दोन्ही पंजे त्याच्या मांड्यांच्या आतून). बटरफ्लायमधून तो मागे झुकत उभा राहिला की त्याचा पाय काखेत धरा, बाहेरचा पाय कमरेवर, आतला हुक मांडीमागे, झाला सिंगल लेग एक्स. जिउ-जित्सूचा नामवंत चॅम्पियन मार्सेलो गार्सिया, त्याचे सामने बघितलेत तर बटरफ्लायमधून एक्स गार्डकडे (त्याच्या खाली जाऊन पाय एक्ससारखे अडकवणं) जाणं तिथे भरपूर दिसेल.

नो-गीमध्ये (गी न घालता) स्लीव्ह नाही, मग मनगट किंवा कोपरामागून पकड, आणि ती घामाने लवकर सुटते म्हणून पाय जास्त बिझी ठेवायचे.

प्रॅक्टिस अशी करा: पार्टनरला सांगा फक्त तीन गोष्टी कर, उभा राहा, गुडघा आत घाल, मागे सरक, कुठल्याही क्रमाने आणि हळू. स्वीप नाही, सबमिशन (हार मानायला लावणारी पकड) नाही. तुम्ही फक्त गार्ड बदलत राहायचं आणि दर वेळी निदान एक हात आणि एक पाय त्याला लागलेला हवा. दोन्ही हात रिकामे झाले की थांबा आणि परत पहिल्यापासून.